भागाकार आधी हातात, मग पाटीवर



भागाकाराचे नाव काढले की वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पोटात गोळा येतो. बेरीज सर्वांना आवडते. वजाबाकीही जमते. पाढे पाठ असले की गुणाकारही होतो. पण भागाकार आला की कोणाला तहान लागते, तर कोणाला बाहेर जायचे असते. असे का होते? ही मुले ढ असतात काय? मला तसे वाटत नाही. माझे मत असे आहे की भागाकार आधी हाताने करायला मिळाला पाहिजे आणि मग पाटीवर. पुष्कळ ठिकाणी उलटे होते. आधी फळ्यावर मांडणी येते, भाजक बाहेर आणि भाज्य आत. मुले ती बघून उतरवतात, पण आपण काय करतोय हे त्यांना कळत नाही.

खरे पाहिले तर भागाकार म्हणजे वाटणी. वाटणी कोणाला येत नाही? दोघा भावांत एक भाकरी असली तर लहानगासुद्धा बरोबर मधोमध मोडतो, आणि तुकडा लहान आला तर रडतो. म्हणजे भागाकार आपल्याला शाळेत यायच्या आधीपासून येतो. फक्त त्याला भागाकार म्हणतात हे माहीत नसते.

आमच्या वर्गात चिंचोक्यांची एक पिशवी आहे. तिच्यातले १२ चिंचोके घ्या आणि तीन मुलांना वाटा. एक तुला, एक त्याला, एक तिला, असे करत गेले की प्रत्येकाजवळ ४ येतात. हा झाला एक भागाकार. आता तेच चिंचोके परत गोळा करा आणि ३-३ चे ढीग लावा. किती ढीग झाले? ४. हा झाला दुसरा भागाकार. पाटीवर दोन्ही वेळा १२ ÷ ३ = ४ असेच लिहितात. पण पहिल्या वेळी ४ हे चिंचोके आहेत आणि दुसऱ्या वेळी ४ हे ढीग आहेत. शाब्दिक उदाहरणात मुले इथेच गोंधळतात. १२ मेथीच्या जुड्या ३ घरांत वाटल्या तर प्रत्येक घरी किती, हा पहिला प्रकार. प्रत्येक घरी ३ जुड्या दिल्या तर १२ जुड्या किती घरांना पुरतील, हा दुसरा प्रकार. ज्याने दोन्ही प्रकार हाताने केले आहेत तो उत्तरापुढे 'जुड्या' लिहायचे की 'घरे' लिहायचे हे विचारत बसत नाही.

चिंचोक्यांच्या रांगाही लावता येतात. २४ चिंचोके घ्या आणि एका रांगेत ६ ठेवा. ४ रांगा होतात. आता बाजूला जाऊन बघा. तेच चिंचोके ४-४ च्या ६ रांगा दिसतात. म्हणजे सहा चोक चोवीस, चार सक चोवीस, चोवीस भागिले सहा आणि चोवीस भागिले चार, ही चारही भावंडे एकाच घरात राहतात. पाढा उलटा वाचला की भागाकार होतो, हे तेव्हा समजते.

ज्यांना पळापळ आवडते त्यांच्यासाठी उड्यांची रीत आहे. ओसरीवर खडूने ० ते २० अशी आकड्यांची रेघ काढायची. २० वर उभे राहायचे आणि मागे ५-५ च्या उड्या मारायच्या. १५, १०, ५, ०. चार उड्या झाल्या. म्हणजे २० ÷ ५ = ४. भागाकार म्हणजे परत परत केलेली वजाबाकी, हे पायालासुद्धा कळते!

आता मोठी गोष्ट सांगतो. खराट्याच्या काड्या घेऊन दहा-दहाची एक जुडी सुतळीने बांधायची. ५२ म्हणजे ५ जुड्या आणि २ सुट्या काड्या. त्या चौघांना वाटा. प्रत्येकाला १ जुडी मिळाली. १ जुडी उरली. ती चौघांना कशी द्यायची? सुतळी सोडायची. जुडीच्या १० काड्या आणि आधीच्या २ मिळून १२ झाल्या. चार त्रिक बारा, प्रत्येकाला ३. म्हणजे प्रत्येकाला १ जुडी आणि ३ काड्या, एकूण १३.

पाटीवर हेच आपण कसे म्हणतो? 'पाचातून चार गेले, उरला एक, वरचे दोन खाली घेतले, झाले बारा.' त्या एकाचे एकदम बारा कसे झाले, हे पाटीवर दिसत नाही. हातात दिसते. तो एक म्हणजे एक काडी नसते, ती अख्खी जुडी असते. आणखी एक कोडे आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार आपण उजवीकडून करतो. मग भागाकारच डावीकडून का? कारण आधी मोठ्या जुड्या वाटून घेतल्या, तर उरलेली जुडी सोडून सुट्यांत मिसळता येते. सुट्या काड्या आधी वाटल्या तर पुन्हा वाटत बसावे लागते. हे मला नुसते फळ्याकडे बघून कधीच कळले नसते.

तसेच शून्याचे. ४०८ ÷ ४ चे उत्तर पुष्कळ मुले १२ लिहितात. हे उदाहरण कागदाच्या खोट्या नोटांनी करा. शंभराच्या ४ नोटा आणि १ रुपयाची ८ नाणी. चौघांना वाटली की प्रत्येकाला शंभराची १ नोट मिळते, दहाची एकही नाही आणि रुपये २. म्हणजे १०२. मधले शून्य म्हणजे दहाच्या नोटांचा रिकामा खिसा. चौघांना १२-१२ रुपयेच मिळाले तर ४८ रुपयेच वाटले गेले. मग राहिलेले ३६० रुपये कोणी ढापले? पैशांचे असे लगेच लक्षात येते.

माझी आजी शाळेत गेलेली नाही, पण तिची वाटणी चुकत नाही. ९६ बोरे चार नातवंडांना द्यायची असली तर ती एकेक बोर वाटत नाही. आधी प्रत्येकाच्या ओच्यात १०-१० टाकते. चार दाहे चाळीस गेली, ५६ राहिली. परत १०-१०. १६ राहिली. मग ४-४. झाली प्रत्येकाला २४. पाढे थोडे कच्चे असलेल्या मुलांना ही रीत फार बरी. दहाचा पाढा सर्वांनाच येतो. लांब पडते, पण माणूस घरी पोचतो.

अजून एक रीत गुरुजींनी सांगितली. भास्कराचार्य नावाचे मोठे गणिती होऊन गेले. त्यांनी ११५० साली 'लीलावती' हा ग्रंथ लिहिला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या घराण्याची माहिती सांगणारा शिलालेख आहे. लीलावतीत भागाकाराविषयी सांगितले आहे की, जमत असेल तर भाज्य आणि भाजक दोन्हींना आधी एकाच संख्येने भागून लहान करावे. म्हणजे ९६ ÷ ८ अवघड वाटले तर दोघांचे अर्धे करा, ४८ ÷ ४. परत अर्धे करा, २४ ÷ २. उत्तर १२. हे चिंचोक्यांनीही पटते. आठ मुलांतली निम्मी मुले खोलीत बसवली आणि निम्मे चिंचोके तिथे दिले, तरी प्रत्येकाचा वाटा तेवढाच राहतो. त्या ग्रंथातली गणिते मोर, साप, मधमाश्या आणि तळ्यातले कमळ यांची आहेत. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसालासुद्धा नुसते आकडे पुरे वाटले नाहीत.

आता बाकीविषयी. २६ ÷ ४ केले की भागाकार ६ आणि बाकी २ येते. पण त्या २ चे करायचे काय? ते नुसते आकडे सांगत नाहीत, वस्तू सांगते. २६ मुलांना नदी ओलांडायची आहे आणि होडीत एका वेळी ४ मुले बसतात. ६ फेऱ्या म्हटले तर दोन मुले काठावरच राहतील, म्हणून उत्तर ७. चार-चार वह्यांचे पुरे गठ्ठे किती, तर ६. २६ भाकरी चौघांत वाटल्या तर साडेसहा. पण २६ शेळ्या चौघा भावांत वाटल्या तर साडेसहा म्हणता येईल का? अर्धी शेळी कोण घेणार! गणित एकच, पण उत्तरे वेगवेगळी. शेवटी पडताळा मात्र सर्वांनी करावा. चार सक चोवीस आणि बाकी दोन, झाले सव्वीस. जुळले म्हणजे बरोबर.

काही पालक म्हणतात, 'शाळेत पोरं चिंचोके खेळतात, अभ्यास कधी करतात?' त्यांना माझे नम्रपणे सांगणे आहे की हाच अभ्यास आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरीबाईंच्या पद्धतीची साधने महाग असत. ताराबाईंनी त्यांच्या जागी बिया, शंखशिंपले, पाने, खडे अशा गावात मिळणाऱ्या वस्तू घेतल्या. तो काही पोरखेळ नव्हता.

दुसरे काही जण म्हणतात, 'परीक्षेत चिंचोके कुठून आणणार?' बरोबर आहे. ८६४ भागिले ६ चिंचोक्यांनी करायला बसलो तर दिवस मावळेल. म्हणून पाढे पाठ पाहिजेतच आणि पाटीवरची रीतही आलीच पाहिजे. पण विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात ना? पोहता आले की डबा आपोआप सुटतो. डबा बांधला म्हणून पोरगा लाडावला असे कोणी म्हणत नाही. आणि डबा न बांधता ढकलले तर काय होते, तेही सर्वांना माहीत आहे.

हा डबा कोणाला सर्वांत जास्त लागतो, ते सांगतो. आमच्या भागातली काही मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. तोवर वर्गात भागाकार होऊन गेलेला असतो. ती मुले मागे बसतात. त्यांना फळ्यावर उभे केले की दुसरी मुले हसतात. माझ्या शेजारी असाच एक मुलगा बसतो. पाटीवर तो गप्प असतो. पण काड्यांच्या जुड्या हातात दिल्या तेव्हा ५२ काड्यांची वाटणी त्याने आमच्या सगळ्यांच्या आधी केली. फडात मोळ्या बांधलेल्या बघून जुडी बांधणे आणि सोडणे त्याला चांगले माहीत होते. मग त्याला गणित येत नाही असे कसे म्हणायचे? त्याला फक्त मांडणी येत नव्हती. मांडणी चार दिवसांत येते. पण 'तुला येत नाही' असे चार वेळा ऐकले तर मुलगा शाळेतच येत नाही. असा एकही मुलगा भागाकारापायी शाळेतून कमी होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणून माझे तीन गोष्टींचे म्हणणे आहे. एक, प्रत्येक वर्गात चिंचोके, काड्या आणि खोट्या नोटांचा डबा असावा आणि तो कपाटात कुलपात नसावा. दोन, एकच रीत सर्वांवर लादू नये. कोणी रांगा लावील, कोणी उड्या मारील, कोणी आजीसारखे दहा-दहा वाटील. उत्तर बरोबर आले आणि का आले ते सांगता आले, म्हणजे झाले. तीन, मुलांनी मुलांना हसू नये. ज्याला येते त्याने शेजाऱ्याला काड्या सोडून दाखवाव्या.

आणि पालकांनो, घरी शेंगा, बोरे, खाऊ वाटायचा असेल तेव्हा तुम्ही वाटू नका, आम्हाला वाटू द्या. शेवटी किती उरले तेही विचारा. घरोघरी चिंच फोडतात तेव्हा चिंचोके उकिरड्यावर टाकू नका. एक ओंजळभर शाळेत पाठवा. तेवढ्यात एका मुलाचा भागाकार होतो.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी