शेवटची फेरी आणि चरित्रकाराचा मोह

पराभवानंतर विजय आला की चरित्रकाराचे काम हलके होते. दुःखाची भरपाई झाली, नियतीने न्याय केला, असे लिहून त्याला लेखणी खाली ठेवता येते. जपानी मोटारशर्यतपटू काझुकी नाकाजिमा यांची कारकीर्द नेमकी अशीच सांगितली जाते. त्या सांगण्याला आमचा आक्षेप आहे.

१९ जून २०१६. फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत संपायला जेमतेम काही मिनिटे उरली होती. टोयोटाची ५ क्रमांकाची गाडी आघाडीवर होती आणि नाकाजिमा ती चालवत होते. अचानक गाडीतील शक्ती गेली. शेवटच्या फेरीच्या आरंभीच, मुख्य प्रेक्षागारासमोर, ती थांबली आणि पोर्शेची गाडी शेजारून पुढे निघून गेली. नाकाजिमांनी पुढे गाडी कशीबशी हलवली, फेरी पूर्णही केली. पण तिला जवळपास १२ मिनिटे लागली आणि नियमाची मर्यादा ६ मिनिटांची होती. त्यामुळे दिवसभर आणि रात्रभर धावलेल्या त्या गाडीला अंतिम क्रमवारीत स्थानच मिळाले नाही.

यास शोकात्मिका म्हणण्याचा मोह साहित्याच्या विद्यार्थ्यास होईल. परंतु शास्त्रानुसार शोकात्म नायकाच्या हातून काही प्रमाद घडावा लागतो. येथे प्रमाद कोणाचा? टर्बोचार्जर आणि इंटरकूलर यांना जोडणाऱ्या नळीचा एक सांधा निकामी झाला, एवढेच पुढे निष्पन्न झाले. सांध्याला स्वभावदोष नसतो.

२०१८ साली नाकाजिमांनी फर्नांडो अलोन्सो आणि सेबास्तियन ब्युमी यांच्यासह हीच शर्यत जिंकली. अखेरच्या टप्प्यात गाडी त्यांच्याच हाती होती. जपानी गाडीतून ल माँ जिंकणारे ते पहिले जपानी चालक ठरले. २०१९ आणि २०२० मध्येही ते जिंकले. मग भरपाई झाली असे का म्हणू नये? कारण २०१८ पर्यंत आऊडी आणि पोर्शे यांनी सर्वोच्च गटातून माघार घेतली होती. त्या गटात कारखान्याचा संघ म्हणून टोयोटाच तेवढी उरली होती. पराभवाची शर्यत विजयाच्या शर्यतीहून कठीण होती, हे मान्य केल्यावाचून या कारकिर्दीचे मोल कळणार नाही.

२०१९ चा विजय तर अधिक बोलका आहे. तेव्हा शेवटच्या तासापर्यंत टोयोटाचीच ७ क्रमांकाची गाडी पुढे होती. तिचे चाक पंक्चर झाले, पण संवेदकाच्या चुकीच्या जोडणीमुळे भलतेच चाक बदलले गेले आणि आघाडी नाकाजिमांच्या गाडीकडे आली. एका सांध्याने जे नेले, तसेच काहीसे एका संवेदकाने आणून दिले. यात न्याय कोठे आहे?

आणखी एक प्रसंग गौरवपर लेखनातून सहसा गळतो. २०१२ साली नाकाजिमांच्याच गाडीचा धक्का लागून डेल्टाविंग ही प्रायोगिक गाडी भिंतीवर आदळली. तिचे चालक सातोशी मोतोयामा हेही जपानीच. रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीला चालकाखेरीज कोणी हात लावायचा नाही, असा नियम. कुंपणापलीकडून तंत्रज्ञ सूचना देत होते आणि मोतोयामा सुमारे दीड तास एकटेच ती दुरुस्त करू पाहत होते. गाडी अखेर धावली नाही. त्या दिवशी दुसऱ्याचे दैव नाकाजिमांच्या हातून फिरले होते.

वडील सातोरू हे १९८७ मध्ये फॉर्म्युला वनचा संपूर्ण हंगाम खेळणारे पहिले जपानी चालक. मुलाने विल्यम्स संघाकडून २००८ मध्ये ९ गुण मिळवले, २००९ मध्ये एकही नाही. २०२१ अखेर ते जागतिक सहनशक्ती स्पर्धेतून निवृत्त झाले. हे सारे आकडे खरे आहेत, तरी त्यांतून उपदेश निघत नाही.

म्हणून चरित्र लिहिणाऱ्यांकडे आमचे एवढेच मागणे आहे : २०१६ चे दुःख २०१८ च्या चषकात बुडवू नका. क्रमवारीने त्या गाडीची नोंद नाकारली. ती नोंद ठेवणे हे चरित्राचे काम आहे.