बोटावरचा आकडा आणि छातीतली शिट्टी

कोरोनाच्या साथीने मराठी घरातल्या औषधांच्या डब्यात एका वस्तूची कायमची भर घातली. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. आशाताई बोटाला लावायचा चिमटा घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरल्या, आणि ज्या घरात स्वतःचा रक्तदाब कोणाला सांगता येत नव्हता तिथे 'ऑक्सिजन किती?' हा प्रश्न 'चहा झाला का?' इतका सवयीचा होऊन बसला. हा ऑक्सिमीटर ज्या तत्त्वावर चालतो ते ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात शोधून काढले. त्याचे यंत्र जगातल्या घराघरांत पोहोचू लागले होते, त्याच सुमारास, एप्रिल २०२० मध्ये, हा गृहस्थ निवर्तला. आपल्याकडे कोणाला त्याचे नावही ठाऊक नाही.

साथ ओसरली, चिमटा राहिला. आता तो घरातल्या जुन्या दमेकऱ्याच्या दिमतीला आहे, आणि चिंता करावी असा भाग इथून सुरू होतो. रात्री दोन वाजता आई उठून बसते, छातीतून शिट्टी ऐकू येते, मुलगा चिमटा लावतो. आकडा ९६. "नॉर्मल आहे गं. पड जरा." मुलगा निर्धास्त होऊन झोपतो. तो निष्काळजी नाही. कोरोनात शिकलेला धडा तो इमानाने गिरवतो आहे, पण तो धडा दम्याचा नाही.

कोरोनात माणूस गप्पा मारत असायचा आणि आकडा ८५ वर उतरलेला असायचा. दम्यात नेमके उलटे घडते. तिथे धाप आधी लागते आणि आकडा सर्वांत शेवटी पडतो. श्वासनलिका आवळतात, आतून सुजतात, चिकट कफाने बुजतात. फुप्फुसाच्या काही भागांत रक्त पोहोचते, पण हवा पोहोचत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी शरीर श्वासाचा वेग वाढवते, मानेचे आणि बरगड्यांचे स्नायू कामाला जुंपते. जोवर हे स्नायू ओढतात तोवर आकडा टिकतो. ते थकले की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागतो, आणि मग आकडा असा कोसळतो की गाडी बोलवायलाही सवड राहत नाही. म्हणजे ९६ हा आकडा खोटा नसतो. तो टिकवायला शरीराला किती किंमत मोजावी लागते आहे, एवढेच तो सांगत नाही. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटकन कळते. खात्यात शिल्लक दिसते, पण ती कुठून उसनी आणली आहे हे पासबुकात लिहिलेले नसते.

पाहायचे ते माणसाकडे. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येते का? गुडघ्यांवर हात टेकून, खांदे उचलून बसावे लागते आहे का? सगळ्यांत घातक खूण म्हणजे शिट्टीच थांबणे. घरच्यांना वाटते आराम पडला. खरे म्हणजे शिट्टी वाजण्याइतकी हवाही आत-बाहेर होत नसते. त्यात ग्लानी आली तर आकडा पाहण्यातही वेळ घालवू नये. आकडा ९२ च्या खाली गेला तर जिवाला धोका हे खरे, पण तिथवर वाट पाहणे हा पर्याय नव्हे. शिवाय बोटे गार पडली असतील, नखाला रंग असेल, तर यंत्र चुकते. काळ्या कातडीच्या रुग्णांत ते प्रत्यक्षाहून जास्त आकडा दाखवू शकते, हे अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसले. आपण सावळ्या वर्णाच्या माणसांनी ते ध्यानात ठेवलेले बरे.

२०२१ च्या धास्तीने अनेकांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही घेऊन ठेवले. त्याने आकडा वर येतो, पण आवळलेली नळी उघडत नाही. नळी उघडते ती पंपाने, आणि नीट घेतलेल्या पंपाने.

'औषधाला न जुमानणारा दमा' हा शब्दप्रयोग आपण फार सैल वापरतो. नेदरलँड्समधल्या २०१५ च्या एका अभ्यासात शंभर प्रौढ दमेकऱ्यांपैकी सतरा जणांचा दमा आटोक्यात येणे अवघड होते. पण पंप बरोबर घेतला जातो का आणि रोज घेतला जातो का हे तपासल्यावर खरा हट्टी दमा जेमतेम चार जणांचा निघाला. आपल्याकडे हा हिशेब वेगळा निघण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

माझ्या नोकरीच्या काळात कोकणातल्या एका शाखेत आमचे एक हेडकॅशियर होते. उबळ आली की ते हळूच रेकॉर्ड रूममध्ये जाऊन पंप ओढत. जुन्या व्हाउचरांची धूळ साऱ्या इमारतीत तिथेच सर्वांत जास्त! पण चारचौघांत पंप काढणे त्यांना शरमेचे वाटे. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत तर दम्याचा उच्चारही होत नसे, अजूनही फारसा होत नाही. 'पंपाची सवय लागते' हा समज याच लपवाछपवीतून पोसला गेला. तात्पुरता आराम देणारा निळा पंप लोक दिवसातून दहादा ओढतात, आणि सूज उतरवणारा रोजचा स्टेरॉइडचा पंप 'स्टेरॉइड नको बाई' म्हणून कपाटात ठेवतात. वास्तविक त्यातली मात्रा मायक्रोग्रॅमची. उबळीनंतर गिळाव्या लागणाऱ्या गोळ्या मिलिग्रॅमच्या, म्हणजे हजारपटीच्या हिशेबातल्या. नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर विसंबण्याची किंमत ब्रिटनने १९६० च्या दशकात मोजली आहे. तिथे तेव्हा दम्याचे मृत्यू एकाएकी वाढले आणि संशयाची सुई एका जोरकस पंपाकडे वळली. 'जीना' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१९ पासून नुसता निळा पंप पुरेसा नाही असे स्पष्टच सांगितले आहे.

आता रत्नागिरीचे पाहू. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, चार महिने न वाळणाऱ्या गोधड्या, भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांनाही बुरशी. उन्हाळ्यात भाजावळीचा धूर, बारमास चुलीचा धूर, आणि डासांसाठी बंद खोलीत कॉइल. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असे २००३ च्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. बुरशीचा आणखी एक डाव आहे. ॲस्परजिलस नावाची बुरशी काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत ठाण मांडते आणि शरीर तिच्याविरुद्ध पेटून उठते. एक्स-रेवर डाग दिसतात, आणि आपल्या देशात डाग म्हटले की क्षय. महिनोन्महिने क्षयाची औषधे खाऊनही दमा हटत नाही अशा रुग्णाने रक्ताची आयजीई तपासणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. हा हट्टी दमा ओळखता येतो आणि त्यावर उपचार आहेत.

जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र चाळीस टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात, असा २०१९ चा जागतिक अंदाज आहे. या तफावतीचे कारण हवापाण्यात जितके आहे तितकेच पैशाच्या वाटेत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे किंवा आयुष्मान भारतचे छत्र उघडते ते रुग्ण खाटेवर पडल्यावर. ज्याने खाटेवर पडणे टळेल तो रोजचा पंप रुग्णाच्या खिशातून. हप्ते थकत असताना डोळे मिटून बसायचे आणि खाते बुडाल्यावर वसुलीला माणसे धाडायची, अशी बँक चालवली असती तर आम्हाला घरी बसवले असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने आठ जुन्या औषधांच्या कमाल किमती निम्म्याने वाढवल्या. त्यांत साल्ब्युटामॉलच्या गोळ्या आणि वाफेचे द्रावण होते. उत्पादन परवडेना म्हणून वाढ दिली, हे कारण मला मान्य आहे. पण मग हा भार गरीब दमेकऱ्याने का उचलायचा? सूज उतरवणारे बुडेसोनाइड सरकारच्याच अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. यादीतून ते आरोग्य केंद्राच्या खिडकीपर्यंत आले पाहिजे.

रत्नागिरीत २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही मोठीच सोय. पण मंडणगडच्या किंवा राजापूरच्या आतल्या वाडीतून रात्री निघालेल्या दमेकऱ्याला आधी साकव, मग घाटी, मग २०११ साली चौपदरीकरणाला हात लागलेला आणि वर्षानुवर्षे रखडलेला तो महामार्ग ओलांडावा लागतो. १०८ ची गाडी आली तरी रस्ता तोच. म्हणून या जिल्ह्यात उपचार घरात सुरू व्हायला हवा. उबळ आली तर स्पेसरमधून किती फवारे, किती मिनिटांनी, आणि कशानंतर थांबायचे नाही, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर मराठीत लिहून घ्यावे आणि चुलीशेजारच्या भिंतीला चिकटवावे.

मिरगाच्या तोंडावर हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणारे आपल्याकडे पुष्कळ. कोरोनात बंद पडलेला तो कार्यक्रम २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याचा गुण येतो असा पुरावा नाही, पण जाणाऱ्यांना मी हसत नाही. वर्षभर छाती भाजलेला माणूस कुठेही जाईल. त्याच दिवसांत कोकणात आगोटीची खरेदी चाललेली असते. सुके मासे, मीठ, मिरच्या, फाटी, काड्यापेट्या. पावसात वाट तुटेल म्हणून चार महिन्यांचे सगळे घरात येते. आरोग्य केंद्राच्या कपाटातही त्या सुमारास सर्पदंशाची लस आणि जुलाबाची पाकिटे भरली जातात. त्यात रोजचे पंप किती आणि स्पेसर किती आले, हे मे महिन्याच्या ग्रामसभेत कोणीतरी उठून विचारायला हरकत नाही.