पश्चात्तापाची दिशा

यहूदाला आपल्या पापाचे दुःख झाले नव्हते काय? झाले होते. निर्दोष प्रभूला धरून दिल्याची कबुली त्याने दिली, चांदीची ३० नाणीही परत केली. परंतु क्षमा मागण्यास तो प्रभूकडे वळला नाही. प्रभूला तीनदा नाकारणारा पेत्रही अतिदुःखाने रडला; मात्र त्याने आशा सोडली नाही. १५५१ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने पश्चात्तापात पापाविषयी दुःख, तिटकारा व पुन्हा पाप न करण्याचा निश्चय सांगितला, आणि त्यास देवाच्या दयेवरील भरवशाची जोड हवी असेही म्हटले. केवळ हळहळ मनुष्यास तारीत नाही. यास्तव लाजेपायी पापनिवेदन टाळणाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच : रडा, पण प्रभूकडे तोंड करून रडा.