कमरेचे पिस्तूल आणि परवान्याची कसोटी

शस्त्र कायद्यातील दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने संमत केले, तेव्हा वादाचा मुख्य मुद्दा संख्येचा होता. परवानाधारकाकडे तीनऐवजी एकच अग्निशस्त्र असावे, असा सरकारचा मूळ प्रस्ताव होता. अखेर दोनवर तडजोड झाली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. ही तरतूद वरकरणी प्रशासकीय सोयीची वाटली, तरी परिणामाच्या दृष्टीने तीच अधिक गंभीर आहे. शस्त्रे किती, यापेक्षा ती बाळगणारा माणूस कसा आहे, हा प्रश्न मोठा. आणि तो विचारण्याची नियमित संधी प्रशासनाला नूतनीकरणाच्या वेळीच मिळते.

नियमांत उणीव आहे, असे म्हणता येणार नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्वर न्यायचे तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असावे लागते. ते उगारण्यास मनाई आहे. सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूदही याच नियमांत आहे. यामागील तर्क व्यवहारी आहे. दिसणारे पिस्तूल हिसकावले जाऊ शकते आणि साध्या बाचाबाचीलाही धमकीचे रूप देते. रोकड नेणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा आडवस्तीवरील शेतकऱ्याला शस्त्राची खरी गरज असू शकते; पण अशा माणसाला ते कोणाला दाखवण्याची गरज नसते.

व्यवहारात मात्र उलटे घडते. २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते आणि त्यांपैकी १२ लाख ७७ हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात. उत्तरेत नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी माणसाला लग्नाच्या वरातीतील गोळीबार नवा नाही; तो रोखण्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा घालावी लागली. हा उत्तरेचाच रोग आहे, असे मानण्याचेही कारण नाही. पिस्तुले मिरवणाऱ्या चित्रफितींमुळे बीड जिल्हा चर्चेत आला आणि २०२५ च्या आरंभी तेथील प्रशासनाला परवान्यांची फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द करावे लागले.

शस्त्र हा नागरिकाचा हक्क असावा काय, याचा निर्णय घटना समितीने केव्हाच केला आहे. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून तो हक्क मान्य केला होता. ह. वि. कामत यांनी १९४८ मध्ये त्याला मूलभूत हक्कांत स्थान देण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली; राष्ट्रावर संकट आले असता शस्त्र धारण करणे हे कर्तव्य ठरते, हक्क नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे आजचा परवाना ही राज्याने विश्वासाने दिलेली सवलत आहे.

हा विश्वास केवळ कागदपत्रांवर तोलता येत नाही. २२ एप्रिल २००६ रोजी प्रमोद महाजन यांच्यावर वरळीतील घरी सख्ख्या धाकट्या भावाने गोळ्या झाडल्या, त्या परवान्याच्या पिस्तुलातून. परवाना रीतसर होता. मनातील धग कोणत्याही रकान्यात नोंदलेली नव्हती.

शस्त्र कायद्याच्या सतराव्या कलमान्वये अटींचा भंग झाल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित वा रद्द करता येतो. नवा कायदा नको. आहे त्या अधिकाराचा वापर गोळी सुटण्यापूर्वी व्हायला हवा. शस्त्र मिरवणे, मद्यपान करून ते बाळगणे, भांडणात त्याचा उल्लेख करणे, यांपैकी प्रत्येक बाब पाच वर्षांची वाट न पाहता फेरतपासणीस पुरेशी मानली पाहिजे. नूतनीकरणाच्या अर्जावर स्वाक्षरी करणाऱ्यांत मराठी अधिकारीही आहेत. सोबत आलेले शिफारसपत्र बाजूला ठेवून ठाण्यातील नोंदी मागवण्याचा अधिकार त्यांना आजही आहे.