नवा गडी आणि आपले परीक्षक

रणजी सामन्यांचा हंगाम आला, कीं चंद्रपूरच्या पानठेल्यांवर परीक्षकमंडळें बसतात. विदर्भाच्या संघांत नवें नांव दिसलें कीं पहिला प्रश्न, पोरगा कुठला? दुसरा, वशिला कोणाचा? तो खेळतो कसा, हें कोणी विचारीत नाहीं. पहिल्याच डावांत लवकर बाद झाला, कीं निकाल लागलाच! ह्या न्यायाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

उमेश यादवच घ्या. वलनीच्या कोळसाखाणींतील कामगाराचा हा मुलगा. विशीच्या आसपास त्याच्या हातीं चामडी चेंडू आला, आणि २०११ सालीं कसोटी खेळणारा विदर्भाचा तो पहिला गडी ठरला. वशिला कोणाचा होता? २०१७-१८ च्या अंतिम सामन्यांत दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक होईपर्यंत रजनीश गुरबाणी हें नांव किती परीक्षकांस ठाऊक होतें? २०२४-२५ मध्यें दानिश मालेवार ह्या नवख्यानें केरळविरुद्ध अंतिम सामन्यांत १५३ धावा काढल्या. वसीम जाफर, करुण नायर हे ‘बाहेरचे’ म्हणून नाकें मुरडणारांनींच पुढें विजयाचे पेढे खाल्ले, ती गोष्ट निराळी.

आमच्या जिल्ह्यांतला गडी कां नाहीं, ही तक्रार मात्र रास्त आहे. पण तक्रार करणारांनीं घुग्घुस-बल्लारपूरच्या खाणवस्त्यांतील मुलांचे सामने पाहावयास कधीं पाय उचलला आहे काय? उद्यां गडचिरोलीचा एखादा मुलगा संघांत आला आणि दोनदां शून्यावर बाद झाला, तर ह्या मंडळींनीं त्याला निदान एक पुरा हंगाम द्यावा, एवढेंच आमचें मागणें आहे.