सीटखालचा दांडा

गेल्या पावसाळ्यात आमची भाची लोहाऱ्याहून यवतमाळला शाळेत जाताना सायकलवरून पडली. खड्डा नव्हता, कुणाच्या गाडीचा धक्काही नव्हता. सीटच मागे कलंडली आणि दांड्यासकट निघून आली. कोपर सोलटलं, एवढ्यावर निभावलं. पण आपांनी घरात जाहीर केलं की सायकल बंद, उद्यापासून ऑटो. पोरगी कोपरापेक्षा या गोष्टीसाठीच जास्त रडली.

आम्ही दांडा हातात घेऊन पाहिला. नळीत दाबल्याच्या खुणा खालच्या जेमतेम इंचभर भागावर होत्या. म्हणजे तेवढाच आत होता. पोरगी वर्षभरात उंच झाली, तशी आम्हीच सीट वर चढवत गेलो होतो. चूक सायकलीची नव्हती, आमची होती.

दुकानात या दांड्याला सीट पिलर म्हणतात. साध्या सायकलीत ती पोलादाची पोकळ नळी असते, साधारण इंचभर जाडीची. वरचं टोक थोडं बारीक केलेलं असतं, त्यावर सीटचा क्लॅम्प बसतो. क्लॅम्पच्या चकत्यांना दाते असतात. ते एकमेकांत घट्ट बसले की सीटचं नाक वरखाली होत नाही. नट सैल ठेवून महिनाभर चालवली तर दाते झिजतात. मग कितीही आवळा, नाक आभाळाकडे. तेव्हा क्लॅम्पच बदलावा.

आता खालची बाजू. फ्रेमच्या उभ्या नळीला वरती मागून एक चीर असते, चिरेच्या दोन्ही बाजूंना कान आणि त्यांतून जाणारा एक बोल्ट. बोल्ट आवळला की चीर मिटू लागते आणि नळी दांड्याला आवळून धरते. वेल्डिंग नाही, खिळा नाही, सगळा कारभार पकडीवर. म्हणून दांडा वरखाली करता येतो, आणि म्हणूनच तो निघूनही येतो. बसणारा मागे रेलला की दांडा पहारीसारखा नळीच्या तोंडावर रेटा देतो. आतला भाग लांब असेल तर तो रेटा वाटला जातो. आखूड असेल तर सगळा काठावर येतो. मग दांडा वाकतो, नळीचं तोंड फाकतं किंवा कान तडकतो. कान तडकला तर फ्रेमलाच हात घालावा लागतो.

आत किती असावा? जाडीच्या दुप्पट तरी. आम्ही अडीच इंच धरतो. नव्या दांड्यावर हद्दीची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. जुन्यावरची गंजाने गेली असेल तर दांडा काढून खालून मोजावं आणि घरातल्या नेलपॉलिशने रेघ ओढावी. सीट एवढ्यावर पुरत नसेल तर लांब दांडा आणावा. आणताना जुना सोबत न्यावा. जाडीत २५.४, २६, २६.२, २७.२ मिलिमीटर असे बारीक फरक असतात, डोळ्यांना ते कळत नाहीत. बारीक दांडा बसवून बोल्ट जिवाच्या आकांताने आवळणं, हा कान तोडण्याचा हमखास मार्ग.

पावसाचं पाणी त्या चिरेतून आत उतरतं, पार पायडलच्या धुरीपर्यंत. दांडा पावसाळ्याआधी काढून, पुसून, थोडं ग्रीस लावून परत घालावा. मुलांच्या गिअरच्या सायकलींत ॲल्युमिनियमचा दांडा पोलादी फ्रेममध्ये असला तर हे विसरूच नये. दोन धातू ओलीत असे चिकटतात की मिस्त्रीही हात टेकतो.

दोन दिवस ऑटो झाला. तिसऱ्या दिवशी पंक्चरवाल्या चाचांनी लांब दांडा बसवला आणि बोल्ट आवळून पान्हा आपांच्या हातात दिला, "तुम्हीच बघा हलवून." आपांनी पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि सीट दोन्ही हातांनी पिळून पाहिली. हलली नाही. दुसऱ्या दिवशी भाची सायकलवर गेली. लाल रेघ नळीच्या आत आहे का, हे आपा अजून रोज वाकून बघतात.