आठ बाजू, दिसतात तीन

तर मंडळी, वयाच्या ५३व्या वर्षी मी चित्र काढायला शिकतोय. (हसून झालं असेल तर पुढे वाचा.)

शाळेत असताना एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायचं होतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. भूमिती झकास, बाकी सगळा आनंद! सर म्हणाले, "तुझं डोकं गणिताचं, तू त्याच्याच मागे लाग." लागलो. पुढे तीस वर्षं एमआयडीसीत मशीनच्या भागांची ड्रॉइंग्ज केली. पण समोरचा साधा तांब्या काढ म्हटलं की तोंड लपवावंसं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात वही घेऊन चांदबिबीला गेलो. (नगरबाहेरच्यांसाठी: आम्ही म्हणतो चांदबिबीचा महाल, पण ती कबर आहे निजामशाहीतल्या दुसऱ्या सलाबतखानाची. पाथर्डी रस्त्याला, शहाडोंगरावर. अष्टकोनी, तीन मजली. आणि हो, २०२४पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं.) लांब एका दगडावर बसलो. समोर तीन बाजू दिसत होत्या. अष्टकोनाच्या बाजू सारख्या असतात हे मला पक्कं ठाऊक. म्हणून तिन्ही सारख्या रुंद काढल्या. झालं काय, तर उलगडून ठेवलेलं खोकं!

अशा वेळी हमखास सल्ला मिळतो, "अरे, डोकं बाजूला ठेव, मनाने काढ." बेटी एडवर्ड्स यांचं १९७९चं गाजलेलं पुस्तकही उजव्या मेंदूला हाक मारायला सांगतं. त्यातला, चित्र उलटं ठेवून नक्कल करायचा उपाय मी करून पाहिला, खरंच चालतो. पण तर्काचा मेंदू डावा आणि कलेचा उजवा ही सरळ वाटणी मेंदूचे अभ्यासक आता मानत नाहीत. आणि मला तर हा सल्लाच पटत नाही. मी डोकं फार वापरलं म्हणून चित्र बिघडलं नव्हतं. मी न मोजता आकडा लिहून टाकला होता! कारखान्यात कुणी असा रिपोर्ट आणला असता तर मी तो तसाच परत पाठवला असता.

मग हात ताठ धरला, एक डोळा मिटलं आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापं घेतली. मधली बाजू एक धरली, तर कडेच्या दोन्ही साधारण सात दशांश. घरी येऊन हिशोब केला. लांबून समोरासमोर पाहिलं तर कडेची बाजू ४५ अंशांत वळलेली, म्हणजे ०.७०७. डोळ्याने आधीच बरोबर सांगितलं होतं, मीच ऐकत नव्हतो. त्या रात्री आनंदाने झोप आली नाही. बायको म्हणाली, कबरीवरून आलायत, जरा जपून.

हिशोबी पोरांना, "तुला चित्रकला जमायची नाही" असं सांगणाऱ्यांचा म्हणूनच मला राग येतो. मोजायची सवय हे त्यांचं भांडवल आहे, तेच काढून घेता तुम्ही.

चेहऱ्याला मात्र कोसाइन लागू पडत नाही, असं वाटलं होतं. दिवाळीनंतर आईला ओट्यावर बसवलं. ती शेंगा फोडत होती. माप घेतलं तर डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर निघाले, मी नेहमी वर काढायचो. मग खांदे. डावा उजव्यापेक्षा खाली आला. वाटलं, हात हलला. पुन्हा घेतलं. पुन्हा तेवढंच. रोज तिच्यासमोर बसून जेवतो मी.

"आई, डावा खांदा दुखतो का गं?"

"दोन वर्षं झाली की," ती म्हणाली. "तू काढ तुझं चित्र."

परवा तिला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. व्यायाम दिलेत. चित्र अजून अर्धंच आहे.